३८ टॉर्पेडो आणि न झालेलं बंड

(पोस्ट मोठी आहे. मालिका पाहिलेली नसली तरी वाचता येईल, लागेल ते सगळं सांगतोय.)

१६ जानेवारी १९९५. अमेरिकेत त्या रात्री यूपीएन नावाचं एक नवीन टीव्ही नेटवर्क सुरू झालं. सुरुवातीलाच त्यांनी आपलं सगळ्यात मोठं अस्त्र बाहेर काढलं, 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'. स्टार ट्रेकच्या इतिहासात पहिल्यांदाच मुख्य कॅप्टन एक बाई होती, कॅप्टन कॅथरिन जेनवे. ही भूमिका आधी जेनेव्हिव्ह बुजोल्ड यांना मिळाली होती. टीव्हीच्या शूटिंगचा वेग बघून त्या दीड दिवसात निघून गेल्या, मग केट मलग्रू आल्या आणि पुढची सात वर्षं ते जहाज त्यांनीच चालवलं.

मालिका २३ मे २००१ ला संपली. पण एक वाद अजून संपलेला नाही. चाहते आजही भांडतात, की या मालिकेच्या हातात काय होतं आणि तिने काय वाया घालवलं.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या टीव्ही मालिकेवर एवढं काय भांडायचं? भांडणाचा विषय समजून घेतला तर लक्षात येईल की तो निव्वळ मनोरंजनाचा नाही. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन गटांना एकाच छपराखाली राहावं लागलं तर नियम कुणाचे चालणार, हा तो विषय आहे. आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

आधी पार्श्वभूमी. तिच्याशिवाय वादाची मजा कळणार नाही.

स्टार ट्रेकच्या जगात २४व्या शतकात 'फेडरेशन' नावाचा अनेक ग्रहांचा संघ आहे. 'स्टारफ्लीट' हे त्याचं आरमार. फेडरेशनचं कार्डेशियन नावाच्या शेजारी सत्तेशी युद्ध झालं, मग तह झाला, नकाशावर नवी रेघ ओढली गेली. त्या रेघेमुळे फेडरेशनच्या काही वसाहती पलीकडे गेल्या. वरून हुकूम आला, घरं सोडा आणि निघा. काहींनी नकार दिला. त्यांतल्या काहींनी पुढे शस्त्रं उचलली. स्टारफ्लीटचे काही अधिकारीही राजीनामे देऊन त्यांना जाऊन मिळाले. या बंडखोरांचं नाव 'माकी'. हे नाव थेट दुसऱ्या महायुद्धातून घेतलंय. नाझींविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच भूमिगतांना माकी म्हणायचे, मूळ शब्दाचा अर्थ दाट झुडपांचा रानटी प्रदेश, लपायची जागा.

ही सगळी मांडणी लेखकांनी १९९४ मध्ये, म्हणजे व्हॉयेजर सुरू व्हायच्या आधी, 'नेक्स्ट जनरेशन' आणि 'डीप स्पेस नाइन' या आधीच्या दोन मालिकांत मुद्दाम करून ठेवली होती. शेत नांगरून तयार, फक्त पेरायचं बाकी.

त्यातला 'जर्नीज एंड' हा भाग तर थेट जखमेवर बोट ठेवतो. ज्यांना हलवायचंय त्या वसाहतीत अमेरिकेच्या मूळ निवासींचे वंशज राहतायत. शतकानुशतकं करार मोडून ज्यांना जमिनींवरून हुसकावलं, त्यांनाच तीनशे-चारशे वर्षांनी दुसऱ्या ग्रहावरूनही उठवायला आदर्श सरकारचं आदर्श जहाज आलंय! त्या भागात १६८० च्या पुएब्लो उठावाचाही उल्लेख येतो. आजच्या न्यू मेक्सिकोमध्ये स्थानिकांनी स्पॅनिश सत्ता उलथवली होती, तो हा उठाव. कॅप्टन पिकार्डचा एक पूर्वज तेव्हा स्पॅनिशांच्या बाजूने होता, असं कथेत निघतं.

आता व्हॉयेजरची गोष्ट. जेनवेचं जहाज एका माकी टोळीचा पाठलाग करत निघतं. एका अज्ञात शक्तीच्या तडाख्याने दोन्ही जहाजं आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला, ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकली जातात. पूर्ण वेगाने परत यायचं तरी ७५ वर्षं. माकींचं जहाज लढाईत नष्ट होतं. उरतं एकच जहाज आणि त्यावर साधारण दीडशे माणसं. काही पोलीस म्हणा, काही फरार आरोपी. वर ना सरकार, ना कोर्ट, ना मागवता येईल अशी कुमक.

सांगा, यातून काय काय निघू शकलं असतं!

कॅप्टन कोण, हे कुणी ठरवायचं? मतदान घ्यायचं का? माकी माणसाने स्टारफ्लीटचा हुकूम का मानावा? नियम पाळून ७५ वर्षांत घरी जायचं की नियम वाकवून ७ वर्षांत? आणि घरी पोचल्यावर ज्यांना तुरुंगातच जायचंय, त्यांनी घरी जायची घाई का करावी?

मालिकेने हे प्रश्न कसे सोडवले? पहिल्याच भागाच्या शेवटी सगळ्यांना एकच गणवेश चढवून. पक्ष बदलल्यावर गळ्यातला गमछा बदलतो ना, तसं. माकींचा म्होरक्या चकोटे जेनवेच्या खालोखालचा अधिकारी झाला. माकींच्या कॉलरवर पदाची खूण जरा वेगळी, एवढाच काय तो फरक. बाकी आनंदीआनंद.

अगदी एका रात्रीत सगळं मिटलं असं मात्र नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्याच भागात माकी इंजिनिअर बेलाना टोरेस एका स्टारफ्लीट सहकाऱ्याचं नाक फोडते, आणि चकोटेला त्याचे जुने साथीदार सुचवतात की तू म्हणशील तर आम्ही तयार आहोत. तो त्यांना गप्प करतो. मग 'प्राइम फॅक्टर्स' हा सुंदर भाग येतो. एका प्रगत समाजाकडे असं यंत्र असतं की जहाजाचा अर्ध्याहून जास्त प्रवास वाचेल, पण ते परक्यांना द्यायला त्यांचा कायदा मनाई करतो. आपला कायदा आपण दुसऱ्यांना ऐकवतो, आता दुसऱ्याचा कायदा आपल्याला आडवा आला. जेनवे नियमाने थांबते. खालची माणसं थांबत नाहीत, चोरून सौदा करतात. मोबदला काय, तर जहाजाच्या संग्रहातलं कथासाहित्य! आणि सौदा करायला जाणारा माणूस माकी नसतो, तर जेनवेचा सगळ्यात विश्वासू, सगळ्यात नियमनिष्ठ अधिकारी टुव्होक. तिची अडचण सुटावी म्हणून तिचाच विश्वास तो मोडतो. इथे कुणी व्हिलन नाही, सगळे आपापल्या जागी बरोबर आणि तरी सगळंच चुकतं. मालिकेला हे जमत होतं, त्याचा हा पुरावा. म्हणून तर चाहत्यांना जास्त लागतं.

पुढे गाडी रुळावरून उतरली. म्हणजे खरं तर फारच सुरळीत रुळावर आली.

सेस्का नावाची एक माकी स्त्री जेनवेच्या धोरणावर उघड टीका करायची. तिचे मुद्दे बिनतोड नव्हते, पण मुद्दे होते. लेखकांनी काय केलं? ती मुळात माकी नाहीच, रूप बदलून आलेली कार्डेशियन हेर आहे, असं दाखवलं. विषय संपला! टीका करणारी शत्रूचीच निघाली म्हटल्यावर टीकेला उत्तर द्यायची गरजच उरत नाही. ही युक्ती टीव्हीवरच्या लेखकांनी शोधलेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

१९९५ च्या मे महिन्यात पहिला सीझन ज्या भागाने संपला, त्यात टुव्होक काही माकींना पकडून शिस्तीचे धडे देतो. सामान घेऊन पळायला लावणं, कवायत, तंबी. शेवटी तोही थोडा वाकतो, तेही थोडे वाकतात. झालं. राजकीय मतभेद हा प्रशिक्षणाचा प्रश्न ठरला.

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट. १९९७ मधला 'वर्स्ट केस सिनारिओ' हा भाग. जहाजावर होलोडेक असतो, म्हणजे जिवंत वाटणारे प्रसंग उभे करणारी खोली. टोरेसला कॉम्प्युटरमध्ये एक अर्धवट लिहिलेली कथा सापडते. विषय काय, तर माकी बंड करून व्हॉयेजर ताब्यात घेतात! टुव्होकने ती सुरुवातीच्या काळात सुरक्षारक्षकांच्या सरावासाठी लिहायला घेतलेली असते, नंतर गरज वाटेना म्हणून सोडून दिलेली. हळूहळू सगळ्या जहाजाला तिचं वेड लागतं. पुढे काय होणार, कुणी जिंकावं, कुणी कसं वागावं यावर सगळे वाद घालतात, आणि शेवट लिहून पूर्ण करा म्हणून मागे लागतात.

म्हणजे बघा. ज्या बंडाची वाट प्रेक्षक अडीच वर्षं पाहत होते ते मालिकेत आलं, पण नाटकातलं नाटक म्हणून. आणि पात्रंच चाहत्यांसारखी भांडायला लागली, की ही गोष्ट अशी नको, तशी हवी होती. लेखकांना सगळं कळत होतं, याचा यापेक्षा मोठा कबुलीजबाब कुठे मिळणार!

चाहत्यांची आवडती तक्रार मात्र टॉर्पेडोंची आहे. पहिल्या सीझनमधल्या 'द क्लाउड' या भागात चकोटे कॅप्टनला सांगतो की आपल्याकडे ३८ टॉर्पेडो आहेत, आणि संपले की नवीन मिळायची सोय नाही. मग काय, चाहते वही-पेन घेऊन बसले. सात सीझनमध्ये जहाजाने ३८ पेक्षा कितीतरी जास्त टॉर्पेडो उडवले. छोटी शटल यानं तर इतकी फुटली की हिशोब सुटला. दर आठवड्याला जहाज मार खायचं, पुढच्या आठवड्यात शोरूममधून आल्यासारखं चकाचक. लोक याला 'रीसेट बटण' म्हणायला लागले.

आता ३८ हा आकडा क्षुल्लक आहे, मान्य. पण मोजणाऱ्यांचा राग आकड्यावर नव्हता. वस्तू संपतात, म्हणून त्या कुणी वापरायच्या, कुणी ठरवायचं, कुणाला आधी द्यायचं यावर भांडणं होतात, आणि त्या भांडणांतूनच राजकारण जन्माला येतं. दुष्काळी गावात टँकर आला की काय होतं ते आठवा. जे संपतच नाही, त्याच्यावर कुणाशी वाटाघाट करायची वेळही येत नाही. व्हॉयेजरवर टंचाई फक्त तोंडी होती. म्हणून तिथे राजकारणही कधी उभं राहिलं नाही.

मग असं झालं का? लेखक आळशी होते का? नाही. कारणं बघितली तर हा टीव्हीच्या धंद्याचा इतिहास आहे.

पहिलं कारण पैसा. अमेरिकेत त्या काळी मालिकेची खरी कमाई पुनःप्रक्षेपणातून व्हायची. जुने भाग ठिकठिकाणची स्थानिक केंद्रं विकत घ्यायची आणि रोज एक असे लावायची. प्रेक्षकाने मधला भाग चुकवला तरी चाललं पाहिजे, कुठूनही पाहिलं तरी कळलं पाहिजे. म्हणजे भागाच्या शेवटी सगळं पूर्वपदावर यायलाच हवं. जखम पुढच्या भागात दिसली तर गिऱ्हाईक गोंधळणार.

दुसरं कारण नेटवर्क. यूपीएन नवं होतं आणि व्हॉयेजर हा त्याचा मोहरा. मोहऱ्यावर कुणी जुगार खेळत नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी 'डीप स्पेस नाइन' कुठल्याच नेटवर्कवर नव्हती, थेट स्थानिक केंद्रांना विकली जायची. वरच्यांचं लक्ष धाकट्या लेकरावर होतं, म्हणून थोरल्याला मोकळीक मिळाली. तिथे आयरा स्टीव्हन बेहर आणि मंडळींनी लांबलचक युद्धाची सलग कथा चालवली. माकींची कैफियतही तिथेच नीट मांडली गेली. मायकेल एडिंग्टन नावाचा अधिकारी बंडखोर होताना सुनावतो की तुम्ही लोकांना तुमच्यात सामावून घेता आणि त्यांना कळूही देत नाही, यापेक्षा उघड शत्रू बरा. हे वाक्य व्हॉयेजरवर बोलायला हवं होतं. तिथे तर अख्खी टोळी सामावून घेतली होती.

तिसरं कारण स्टार ट्रेकचं सोवळं. जनक जीन रॉडनबेरी यांचा आग्रह असायचा की २४व्या शतकातली माणसं प्रगल्भ असतील, आपसात क्षुद्र भांडणं करणार नाहीत. ते १९९१ मध्ये वारले, तरी दंडक राहिला. व्हॉयेजरच्या निर्मात्यांपैकी मायकेल पिलर या बंधनाला 'रॉडनबेरींची पेटी' म्हणायचे, आणि पेटीत राहून लिहिणं हे कौशल्य मानायचे. ही भूमिका टाकाऊ नाही. माणसं सुधारू शकतात हा विश्वासच स्टार ट्रेकचा प्राण आहे. पण माणसं सुधारली हे दाखवायचं तर आधी ती एकमेकांशी झगडताना दिसायला नकोत का? भांडणाशिवाय झालेल्या समेटावर विश्वास कुणी ठेवायचा?

चकोटेचं प्रकरण तर वेगळंच, आणि जास्त गंभीर. तो अमेरिकन मूळ निवासी दाखवलाय, विस्थापित सरहद्दीवरचा, वडील कार्डेशियनांशी लढताना गेलेले. मालिकेत इतिहासाचं ओझं वाहणारा याहून सरस माणूस नव्हता. निर्मात्यांनी त्या संस्कृतीसाठी सल्लागार नेमला, जमेक हायवॉटर. हे गृहस्थ मूळ निवासी म्हणून गाजलेले लेखक. पण ते तसे नव्हतेच! त्यांचं मूळ नाव जॅकी मार्क्स, घराणं पूर्व युरोपातून आलेलं ज्यू. मूळ निवासींच्या हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते हँक अॅडम्स आणि पत्रकार जॅक अँडरसन यांनी १९८४ मध्येच हे बिंग फोडलं होतं. मालिका सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी. तरी सल्ला त्यांचाच घेतला गेला.

परिणाम पडद्यावर दिसतो. चकोटेची जमात कुठली, हे मालिकेत धड कधी सांगितलंच नाही. इथलं थोडं, तिथलं थोडं. औषधांची पोतडी, दृष्टांत, आत्म्याचा वाटाड्या प्राणी, कपाळावरचं गोंदण. भूमिका करणारे रॉबर्ट बेल्ट्रान हे मेक्सिकन-अमेरिकन. आपल्या पात्राला काही करायला मिळत नाही म्हणून पुढे ते जाहीर कुरकुर करायचे. खऱ्या जमातींची माणसं हयात होती, त्यांचे इतिहास, वकील, लेखक, सगळं उपलब्ध होतं. विचारलं मात्र भलत्यालाच. वाया गेलेल्या संधींच्या यादीत ही मला सगळ्यात वर वाटते. बाकीच्या संधी कल्पनेतल्या होत्या, हिच्यात खऱ्या लोकांचा वाटा होता.

आतले लोक गप्प होते असंही नाही. १९९७ मधल्या 'इयर ऑफ हेल' या दोन भागांत जहाज खरंच मोडत जातं, माणसं मरतात, जेनवे भाजते. लेखक ब्रॅनन ब्रागा यांनी नंतर सांगितलं की ही कथा अख्खा सीझनभर चालवायची त्यांची इच्छा होती. मिळाले दोन भाग, आणि शेवटी काळ मागे फिरून सगळं पुसलं गेलं. वर्षभराच्या नरकाची आठवणही कुणाला राहिली नाही.

१९९९ च्या 'इक्विनॉक्स' मध्ये तसंच भरकटलेलं दुसरं स्टारफ्लीट जहाज भेटतं. त्यांनी जगण्यासाठी परक्या जिवांना मारून इंधन केलेलं असतं. जेनवे त्या कॅप्टनच्या मागे इतकी पेटते की एका कैद्याचा जीव धोक्यात घालते, आणि विरोध करणाऱ्या चकोटेला कामावरून दूर करते. शेवटी त्या जहाजाचे पाच जण व्हॉयेजरवर घेतले जातात, पदं काढून. पुढे काय होतं त्यांचं? काही नाही. दोन वर्षं मालिका चालली, ते पाच जण परत दिसलेच नाहीत. पाच गुन्हेगार आपल्यात कसे मिसळले, मिसळले का, हा प्रश्नच नाहीसा झाला.

त्याच सुमारास एक माणूस व्हॉयेजरवर आला आणि काही आठवड्यांत निघून गेला. रॉनल्ड डी. मूर. दहा वर्षं स्टार ट्रेक लिहिलेला, 'डीप स्पेस नाइन' गाजवलेला. २००० साली एका दीर्घ मुलाखतीत त्यांनी मन मोकळं केलं. सूर असा, की घरापासून इतकं दूर गेलेलं जहाज बदलायला हवं, त्यावर ओरखडे दिसायला हवेत, लोकांचे स्वतःचे रीतिरिवाज तयार व्हायला हवेत. तसं काहीच होत नाही, आणि ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. चाहते जे म्हणत होते तेच, पण आतल्या माणसाच्या तोंडून.

बोलून थांबले असते तर आज हे लिहिलं नसतं. १९७८ ची एक जुनी मालिका, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', नव्याने करायचं काम मूर आणि डेव्हिड आईक यांच्याकडे आलं. २००३ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू झाली. माणसांनी बनवलेल्या सायलॉन नावाच्या यंत्रांनी मानवजात जवळजवळ संपवलीय. उरलेत सुमारे ५० हजार लोक, एक जुनी युद्धनौका आणि मिळतील ती प्रवासी, मालवाहू यानं. मूळ कल्पना व्हॉयेजरच्या जवळची, घर गमावलेले लोक आणि लांबचा प्रवास. वागणूक बरोबर उलट.

बहुतेक भागांच्या सुरुवातीच्या नावांसोबत माणसांचा शिल्लक आकडा झळकायचा. कुणी मेलं की तो कमी व्हायचा. ३८ टॉर्पेडोंचा हिशोब इथे माणसांवर लावला होता. सुरुवातीच्याच एका भागाचं नाव 'वॉटर', कारण पाणी संपतंय. सरकारी उतरंडीत ४३व्या क्रमांकावरच्या शिक्षणमंत्री लॉरा रोझलिन वरचे सगळे मेल्यामुळे राष्ट्राध्यक्ष होतात. मग लष्कर मोठं की लोकांनी निवडलेलं सरकार? कमांडर अडामा राष्ट्राध्यक्षांना तुरुंगात टाकतो तेव्हा हा प्रश्न खराखुरा समोर येतो. निवडणुका होतात, निवडणुकीत घोटाळा करायचा प्रयत्न होतो, आणि तो करणारी आपली 'चांगली' बाजूच असते. इंधन बनवणाऱ्या कामगारांचा संप होतो. लोकसंख्या वाढावी म्हणून गर्भपातावर बंदी येते, आणि ती आणणाऱ्या बाईंचा आयुष्यभराचा विश्वास उलटा असतो.

आणि २००६ चा ऑक्टोबर. अमेरिकन फौजा इराकमध्ये चौथ्या वर्षी अडकलेल्या. अशा वेळी तिसरा सीझन सुरू झाला तो शत्रूने व्यापलेल्या वस्तीपासून. व्याप्त लोक म्हणजे आपले नायक. आणि त्यांच्यातला एक जण आत्मघातकी स्फोट करतो, शत्रूने भरती केलेल्या स्थानिक पोलिसांच्या समारंभात. अमेरिकन प्रेक्षक रोज बातम्यांत ज्यांना बघून चिडत होता, त्यांच्या जागी त्याला स्वतःला बसवलं. समर्थन केलं नाही, पण पळूही दिलं नाही. सुटका झाल्यावर शत्रूशी हातमिळवणी केलेल्यांना गुपचूप खटले चालवून मारणारी टोळीही दाखवली. ती टोळीही आपलीच.

१७ मार्च २००९ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा झाली. मूर, आईक, मेरी मॅकडॉनेल, एडवर्ड जेम्स ओल्मोस हजर, सूत्रसंचालनाला हूपी गोल्डबर्ग. विषय मानवी हक्क, दहशतवाद, युद्धात सापडलेली मुलं. आठ-नऊ वर्षांपूर्वीची 'जहाजावर ओरखडे का नाहीत' ही तक्रार कुठे जाऊन पोचली बघा.

मग व्हॉयेजर नापास आणि बॅटलस्टार पास, असा निकाल लावून मोकळं व्हायचं का? चाहते तेही करू देत नाहीत, आणि बरोबर करतात.

एक तर बॅटलस्टारचा शेवटही वादातच आहे. २० मार्च २००९ च्या शेवटच्या भागात उरलेले लोक सगळी यानं सूर्यात सोडून देतात आणि रिकाम्या हातांनी नव्या पृथ्वीवर पांगतात. चार सीझन प्रत्येक गोष्टीवर भांडलेले लोक एवढ्या मोठ्या निर्णयावर भांडतच नाहीत. न निवडणूक, न संप. अनेक कोड्यांची उत्तरं देवाच्या इच्छेवर सोपवली जातात. म्हणजे शेवटी रीसेट बटण तिथेही दाबलं गेलंच.

आणि व्हॉयेजरने जे दिलं तेही मोजायला हवं. जेनवे ही वैज्ञानिक होती, कॅप्टन होती, आणि तिच्या बाईपणाची मालिकेने दर भागात चर्चा केली नाही. इंजिन खोलीची प्रमुखही बाईच. २०१५ च्या एप्रिलमध्ये इटलीच्या अंतराळवीर समंथा क्रिस्टोफोरेटी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होत्या. मालवाहू यानातून कॉफी मशीन येत होतं. त्यांनी स्टार ट्रेकचा गणवेश चढवून फोटो टाकला आणि सोबत जेनवेचं 'त्या तेजोमेघात कॉफी आहे' हे वाक्य. ते वाक्य कुठल्या भागातलं माहितीये? 'द क्लाउड'. तोच, ज्यात ३८ टॉर्पेडो मोजले होते! एकाच भागातून एका चाहत्याला आयुष्यभराची तक्रार मिळाली आणि दुसऱ्या चाहतीने त्याच भागातलं वाक्य थेट अंतराळात नेलं.

त्यामुळे व्हॉयेजर वाईट होती असं माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा एवढाच की तिने मतभेद मिटवला नाही, अदृश्य केला. मिटवणं म्हणजे दोघांनी बोलणं, कुणीतरी काहीतरी सोडणं, नवा नियम लिहिणं. अदृश्य करणं म्हणजे गणवेश देणं आणि पुन्हा विषय न काढणं.

आणि अदृश्य केलेली गोष्ट जात नाही. १९९८ च्या 'हंटर्स' या भागात घरून पहिल्यांदा पत्रं येतात. चकोटेच्या पत्रात असतं की मागे राहिलेले माकी संपले, मारले गेले किंवा तुरुंगात गेले. ज्यांच्यासाठी लढलो ते कुणीच उरलं नाही. त्याच वर्षीच्या 'एक्स्ट्रीम रिस्क' मध्ये टोरेस त्या बातमीने इतकी आतून बधिर झालेली दिसते की काहीतरी जाणवावं म्हणून जिवाशी खेळते. ते दोन भाग बघताना कळतं की खाली किती साचलं होतं. एक झाकण जरा उचललं, तर एवढी वाफ.

शेवटच्या भागात व्हॉयेजर पृथ्वीजवळ पोचते, भोवती स्वागताला जहाजं, समोर निळा गोल. आणि मालिका तिथेच संपते. कुणी उतरताना दिसत नाही. चकोटे, टोरेस आणि बाकीचे माकी उतरल्यावर त्यांना हार घातले की बेड्या? सात वर्षांची सेवा मोठी की आधीचा गुन्हा? ज्या तहाने त्यांना बंडखोर केलं तो चूक होता, हे फेडरेशनने कधी मान्य केलं का? काहीच नाही. अंधार, आणि नावं वर सरकतात.

पहिल्या भागात टाळलेला प्रश्न १७२ भागांनंतरही तसाच दारात उभा होता.

म्हणून चाहते भांडतात. भांडू द्यात. आपल्या आवडत्या गोष्टीने आपल्याला अवघड प्रश्न विचारायला हवा होता, असा हट्ट धरणारा प्रेक्षक ही मोठी गोष्ट आहे. तसा हट्ट टीव्हीबाहेरही धरला तर काय हरकत आहे?

तुमची अशी कुठली मालिका, कुठली वाया गेलेली संधी? खाली लिहा. फक्त 'शेवट आवडला नाही' एवढंच नको, काय हवं होतं आणि का, तेही सांगा.